इलेक्ट्रिक गाडी गावात परवडते का? शोरूमला जाण्याआधी घरचं लाइट बिल हातात घ्या

बुलढाणा : समृद्धी महामार्गावर हिरव्या नंबरप्लेटची गाडी दिसली म्हणून मान वळवून बघायचे दिवस आता गेले. मेहकर, चिखली, खामगावच्या रस्त्यांवरही अधूनमधून अशी गाडी दिसते. 2021 मध्ये पेट्रोलने शंभरी ओलांडली, ती परत खाली आलीच नाही. त्यामुळे दिवाळी-पाडव्याला गाडी घ्यायचा विषय निघाला की घरातला एकजण तरी म्हणतोच, ‘इलेक्ट्रिकच घेऊ, पेट्रोलची कटकट नाही.’ दुसरा लगेच विचारतो, ‘लाइट गेली तर?’

दोघांचंही म्हणणं बरोबर आहे. खेड्यातल्या घराची एक जमेची बाजू मात्र या चर्चेत सुटून जाते. शहरात फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला पार्किंगमध्ये चार्जिंगचा पॉइंट घ्यायचा तर सोसायटीची परवानगी लागते. गावात अंगण आपलं, मीटर आपलं आणि छतही आपलं. म्हणजे इलेक्ट्रिक गाडीला लागणारी मुख्य सोय गावात आधीच आहे. अडचण दुसरीकडे आहे. महिन्याला गाडी किती पळते, घराचं बिल कोणत्या स्लॅबमध्ये जातं आणि वायरिंग कसं आहे, या तीन गोष्टींवर सगळा सौदा फायद्याचा की तोट्याचा ते ठरतं.

कर किती वाचतो?

इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी 5 टक्के आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि वरचा सेसही गेला. चार मीटरपेक्षा कमी लांबी आणि 1200 सीसीपर्यंतचं इंजिन असलेल्या पेट्रोल गाड्या त्यात येतात. त्यामुळे पेट्रोल गाडी स्वस्त झाली आणि इलेक्ट्रिकसोबतचा किमतीतला फरक पुन्हा थोडा वाढला.

आरटीओच्या करात मात्र इलेक्ट्रिकचं पारडं जड आहे. महाराष्ट्रात 10 लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल गाडीला 11 टक्के आणि डिझेलला 13 टक्के एकरकमी वाहन कर लागतो. 8 लाखांच्या पेट्रोल गाडीवर हा कर 88 हजारांच्या घरात जातो. इलेक्ट्रिकला तो माफ आहे. थर्ड पार्टी विम्यातही इलेक्ट्रिकला 15 टक्के आणि हायब्रिडला साडेसात टक्के सूट आहे.

अनुदानाच्या बाबतीत मात्र गैरसमज फार आहेत. केंद्राची ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजना 1 ऑक्टोबर 2024 पासून सुरू झाली. ती दुचाकी, तीनचाकी, बस, ट्रक, रुग्णवाहिका यांच्यासाठी आहे, घरगुती वापराच्या कारला त्यात एक रुपयाही मिळत नाही. गाडीच्या कर्जावरील व्याजाला प्राप्तिकरात मिळणारी दीड लाखाची वजावटही आता नव्या कर्जाला लागू नाही. ती 31 मार्च 2023 पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. राज्याचं 2025 चं ईव्ही धोरण 2030 पर्यंत आहे. त्यातल्या सवलतीचं तोंडी आश्वासन कुणी दिलं, तर ती रक्कम कोटेशनवर छापून घ्यावी. कागदावर नसेल तर हिशेबात धरू नये.

हप्ता महिन्याला येतो, बचतही महिन्याचीच मोजा

आता मुख्य हिशेब. छोटी इलेक्ट्रिक गाडी तेवढ्याच पेट्रोल गाडीपेक्षा ऑन रोड दोन लाखांनी महाग पडते, असं धरू. हे जादा दोन लाख साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी कर्जाने घेतले, तर त्याचा हप्ता 4,200 रुपये बसतो. म्हणजे महिन्याला 4,200 पेक्षा जास्त इंधन वाचलं तरच गाडी आपला भार आपण उचलते.

पहिलं उदाहरण चिखलीत राहून रोज बुलढाण्याला नोकरीसाठी ये-जा करणाऱ्याचं. जाऊन-येऊन पन्नास आणि इकडचं-तिकडचं दहा, असे दिवसाला 60 किलोमीटर. महिन्यात 25 दिवस धरले तर 1,500 किलोमीटर. पेट्रोल गाडी लिटरला 17 देते आणि पेट्रोल 105 रुपये धरलं, तर महिन्याचा खर्च होतो साधारण 9,250 रुपये.

हेच अंतर छोट्या इलेक्ट्रिक गाडीने कापायला, चार्जिंगमधली गळती धरून, 100 किलोमीटरला मीटरवर 15 युनिट पडतात असं समजा. महिन्याला 225 युनिट. घराचा आधीचा वापर 75 युनिट असेल तर बिल 300 युनिटवर जाईल. पहिल्या शंभरातला दर वहन आकारासह 6 रुपये, त्यापुढचा 12 रुपये आणि वर 16 टक्के वीज शुल्क धरलं, तर गाडीपोटी वाढलेलं बिल होतं 3,000 रुपयांच्या आसपास. बचत झाली सव्वासहा हजार. 4,200 चा जादा हप्ता जाऊनही महिन्याला दोन हजार हातात राहतात. पाच वर्षांनी हप्ता संपला की पूर्ण बचत आपली.

दुसरं उदाहरण मोताळा किंवा लोणार तालुक्यातल्या शेतकरी कुटुंबाचं. गाडी लागते दवाखान्याला, लग्नाला, आठवडी बाजाराला आणि कधी शेगावच्या दर्शनाला. महिन्याचं रनिंग 300 किलोमीटर. पेट्रोल लागतं 1,850 रुपयांचं, इलेक्ट्रिकला वीज लागते 450 रुपयांची. बचत फक्त 1,400. हप्ता मात्र तोच, 4,200. म्हणजे पेट्रोल वाचवायच्या नादात महिन्याला 2,800 रुपये खिशातून जातात. रोखीने गाडी घेतली तरी जादाचे दोन लाख वसूल व्हायला बारा वर्षं लागतात.

या आकड्यांवरून एक ठोकताळा निघतो. महिन्याला साधारण हजार किलोमीटर गाडी पळत असेल तर इलेक्ट्रिकचा विचार करावा. पाचशेच्या आत असेल तर घाई करू नये. मधल्या लोकांनी आपल्या गाडीचं मायलेज, आपल्या गावचा पेट्रोलचा भाव आणि डीलरकडच्या दोन्ही कोटेशनमधला खरा फरक टाकून हिशेब पुन्हा मांडावा.

शेतकऱ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. नोकरदाराचा पगार महिन्याला येतो, शेतकऱ्याचा पैसा सोयाबीन आणि कापूस विकल्यावर येतो. 2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव 5,328 रुपये जाहीर आहे, पण बाजार समितीत हातात काय पडतं ते प्रत्येकाला माहीत आहे. त्यामुळे ‘पेट्रोल वाचेल त्यातून हप्ता जाईल’ हे सेल्समनचं वाक्य कमी रनिंग असलेल्या शेतकऱ्याला लागूच होत नाही.

स्लॅबचा फटका

बरेच लोक हिशेब करताना सरसकट सहा-सात रुपये युनिट धरतात. तिथेच चूक होते. महावितरणचे घरगुती स्लॅब 100, 300 आणि 500 युनिटवर बदलतात. शंभर युनिट ओलांडले की दर दुपटीच्या जवळ जातो आणि तीनशेच्या वर आणखी चढतो. घरात आधीच फ्रिज, कूलर, पाण्याची मोटर मिळून 200 युनिट जळत असतील, तर वरच्या नोकरदाराची 225 युनिट वीज 3,000 ऐवजी 3,700 रुपयांना पडेल. तरी पेट्रोलपेक्षा ती स्वस्तच आहे, पण बचत सातशेने कमी होते. म्हणून मागच्या वर्षभराची बिलं काढून बघावीत, त्यातही एप्रिल-मेची.

यावर दोन मार्ग आहेत. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राने वीज ग्राहक हक्क नियमांत बदल केला. त्यानुसार गाडी चार्ज करण्यासाठी स्वतंत्र वीज जोडणी मागता येते. ईव्ही चार्जिंगची दर वर्गवारी वेगळी असते आणि तिथे घरगुतीसारखे चढते स्लॅब नाहीत. मात्र दुसऱ्या मीटरचा स्थिर आकारही येतो, त्यामुळे उपविभागीय कार्यालयात दोन्ही दर विचारून मगच अर्ज करावा. दुसरा मार्ग टीओडी, म्हणजे स्मार्ट मीटरचा. असं मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकांना 1 जुलै 2025 पासून सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेतल्या वापरावर युनिटमागे 80 पैसे ते 1 रुपया सवलत जाहीर झाली आहे. गाडी दिवसा घरी उभी असेल त्याला तिचा उपयोग.

शेतीपंपाच्या विजेवर गाडी? अजिबात नको

‘मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजने’त साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल 2024 पासून मोफत वीज आहे. साहजिकच काहींच्या डोक्यात येतं की शेतात गाडी उभी करायची, स्टार्टरच्या पेटीतून वायर काढायची आणि चार्ज करायची. हा विचार महागात पडेल.

शेतीच्या जोडणीवर गाडी चार्ज करणं हा वीज कायदा 2003 च्या कलम 126 प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो. त्यात लागू दराच्या दुप्पट आकारणी होते, आणि वापर कधीपासून सुरू झाला ते सिद्ध करता आलं नाही तर मागच्या बारा महिन्यांची होते. आकडा टाकून चार्जिंग केलं तर ती सरळ वीजचोरी, तिथे कलम 135 लागतं. शिवाय शेतीच्या फीडरचा दाब कमी-जास्त होत असतो. त्यात काही लाखांची बॅटरी लावून ठेवणं म्हणजे विकतचं दुखणं.

शेतवस्तीवर राहणाऱ्या कुटुंबांनी तर हा मुद्दा आधी तपासावा. गावठाणाचा फीडर वेगळा आणि शेतीचा वेगळा असतो. वस्तीवरचं घर शेतीच्या फीडरवर असेल, तर रात्रभर सलग पुरवठा मिळेलच असं नाही. छोट्या गाडीला घरच्या प्लगवर पूर्ण चार्ज व्हायला आठ-नऊ तास लागतात. तेवढी सलग वीज मिळत नसेल तर रोजची धावपळ ठरलेली.

अर्थिंग नसेल तर गाडी चार्जच होत नाही

घरच्या 15 अँपिअरच्या प्लगवरून गाडी साधारण तीन किलोवॅट भार घेते. गावातल्या अनेक घरांचा मंजूर भार एक किलोवॅटच्या आसपास असतो. तेव्हा गाडी येण्याआधी भार वाढवून घेण्याचा अर्ज करावा. मीटरपासून चार्जिंग पॉइंटपर्यंत स्वतंत्र जाड वायर, वेगळा एमसीबी आणि करंट गळती झाली तर लाइन तोडणारा आरसीसीबी बसवावा. एक्स्टेंशन बोर्ड लावून खिडकीतून वायर काढणं म्हणजे आगीला आमंत्रण. तीन किलोवॅटचा भार आठ तास सलग चालतो, साधा बोर्ड वितळतो.

अर्थिंगचं तर विचारूच नका. बऱ्याच घरांत तिसरी पिन नुसती नावाला असते. इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर मात्र आधी अर्थिंग तपासतो आणि ते नीट नसेल तर चार्जिंग सुरूच करत नाही. मग लोक गाडीला नावं ठेवतात. मीठ-कोळशाचा जुना खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात पाणी घालत राहावं लागतं. नवीन अर्थिंग करून इलेक्ट्रिशियनकडून मीटर लावून तपासून घेतलेलं बरं. संध्याकाळी व्होल्टेज उतरतं तेव्हाही चार्जिंग संथ होतं किंवा बंद पडतं, त्यामुळे रात्री दहानंतर गाडी लावणं सोयीचं.

आणि डीपी? रोहित्र जळालं तर नवीन येईपर्यंत किती दिवस जातात, हे गावाला सांगायची गरज नाही. यावर उपाय एकच, बॅटरी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. रोज 60 किलोमीटर चालणाऱ्याला अर्ध्या चार्जवर एक दिवस तरी निघतो आणि जवळच्या शहरातल्या चार्जिंग स्टेशनपर्यंत पोहोचता येतं. घरात दुसरी गाडी किंवा मोटरसायकल असेल तर ही भीती आणखी कमी होते.

छतावर सोलर असेल तर चित्र बदलतं

‘पीएम सूर्यघर’ योजनेत 1 किलोवॅटला 30 हजार, 2 किलोवॅटला 60 हजार आणि 3 किलोवॅट व त्यापुढे 78 हजार रुपये अनुदान आहे. 3 किलोवॅटचं सोलर आपल्याकडच्या उन्हात दिवसाला सरासरी बारा युनिट धरलं, तर महिन्याला 360 युनिट देतं. घराचे 75 आणि गाडीचे 225 त्यात बसतात. नेट मीटरिंगमुळे दिवसा तयार झालेली वीज महावितरणकडे जमा होते आणि रात्री गाडीसाठी परत वापरता येते.

पावसाळ्यात उत्पादन घटतं, पत्र्याच्या छताला आधार मजबूत करावा लागतो आणि अनुदान वजा जाता उरलेला खर्च खिशातूनच करावा लागतो. ग्रिडची लाइट गेली की साधं सोलरही बंद पडतं, हेही लक्षात ठेवावं. पण ज्याचं रनिंग जास्त आहे आणि घर स्लॅबचं आहे, त्याच्यासाठी इलेक्ट्रिक गाडीसोबत सोलर ही जोडी सगळ्यात फायद्याची. शहरातल्या फ्लॅटवाल्याला हे जमत नाही, गावातल्या माणसाला जमतं.

समृद्धीवर टोल माफ, पण वेगाला आवर घाला

राज्याच्या धोरणात समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतू या तीन मार्गांवर इलेक्ट्रिक कारना टोलमाफी आहे. समृद्धीवर एप्रिल 2025 पासून कारला किलोमीटरमागे 2 रुपये 6 पैसे टोल आहे, म्हणजे 100 किलोमीटरला 206 रुपयांची बचत. माफी असूनही फास्टॅगमधून पैसे कापले गेल्याच्या तक्रारी झाल्या आणि विषय विधानसभेतही गेला. त्यामुळे फास्टॅग गाडीच्या योग्य नोंदीसह काढावा आणि प्रवासानंतर मेसेज तपासावा. राष्ट्रीय महामार्गांवरचे टोलनाके मात्र या माफीत येत नाहीत.

अंतराचं भानही ठेवावं. कंपनी अडीचशे किलोमीटर सांगत असली तरी छोटी गाडी गावच्या रस्त्यावर 180 ते 200 देते. समृद्धीवर 120 च्या वेगाने एसी लावून पळवली की तीच दीडशेवर येते. मेहकरहून छत्रपती संभाजीनगरला दवाखान्यात जायचं तर एका बाजूचं अंतर साधारण दीडशे आहे. पेशंट गाडीत असताना चार्जिंग शोधत बसणं कुणालाच परवडणार नाही. वेग 80-90 ठेवला तर अंतर वाढतं. फास्ट चार्जरवर छोटी गाडी 80 टक्के व्हायला तासभर जातो आणि युनिटला 20 रुपये धरले तर 100 किलोमीटरला साडेतीनशे रुपये लागतात. म्हणजे पेट्रोलच्या मानाने निम्मीच बचत. ज्याचा प्रवास सगळा लांबचा आहे, त्याला घरच्या चार्जिंगचा फायदा मिळत नाही.

मग हायब्रिड घ्यावी का?

हायब्रिडला चार्जिंग लागत नाही. पेट्रोल भरायचं, बॅटरी चालता-चालता आणि ब्रेक मारताना भरते. पण इथे नावाची फसगत होते. ‘माइल्ड’ किंवा ‘स्मार्ट’ हायब्रिड ही मुळात पेट्रोलचीच गाडी, छोटी मोटर इंजिनला थोडा हात देते इतकंच. खरी बचत ‘स्ट्राँग’ हायब्रिडमध्ये आहे. ग्रँड विटारा आणि हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रिडचं प्रमाणित मायलेज लिटरला 27.97 किलोमीटर आहे, रस्त्यावर ते यापेक्षा कमी मिळतं.

अडचण किमतीची. या गाड्या सोळा लाखांच्या पुढे सुरू होतात. इंजिन 1200 सीसीपेक्षा मोठं आणि लांबी चार मीटरच्या वर असल्याने त्यांच्यावर 40 टक्के जीएसटी आहे, तर इलेक्ट्रिकवर 5. ज्याचं बजेट मुळातच तेवढं आहे, प्रवास लांबचा आहे आणि विजेचा भरवसा नाही, त्याला हायब्रिड ठीक. आठ-दहा लाखांत गाडी शोधणाऱ्याने तिच्यासाठी कर्ज वाढवू नये. त्याच्यासाठी पेट्रोल किंवा, पंप जवळ असेल तर, सीएनजी बरी.

बॅटरी, गॅरेज आणि सेकंड हँड

बहुतेक कंपन्या बॅटरीला 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर यातलं जे आधी होईल तोपर्यंत वॉरंटी देतात. काही गाड्यांना त्याहून जास्त मिळते, पण अनेकदा ती पहिल्या मालकापुरती असते. म्हणून सेकंड हँड इलेक्ट्रिक गाडी घेताना दोन कागद मागावेत: कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा बॅटरीच्या तब्येतीचा रिपोर्ट आणि वॉरंटी आपल्या नावावर होते का याचा लेखी खुलासा. वॉरंटी संपलेली बॅटरी बदलायची तर काही लाखांचा खड्डा पडतो.

ऑइल, क्लच, फिल्टर यांचा खर्च वाचतो. पण बिघाड झाला तर गावातला मिस्त्री हाय व्होल्टेजच्या नारिंगी वायरींना हात लावू शकत नाही आणि लावूही नये. अधिकृत सर्व्हिस सेंटर आपल्या गावापासून किती लांब आहे ते घेण्याआधी बघावं. नाल्याला पूर असताना ‘बॅटरी वॉटरप्रूफ आहे’ म्हणून गाडी घालू नये. खळ्याजवळ उभ्या गाडीची वायर उंदराने कुरतडली तर विम्यात ते बसतं का, तेही एजंटला आधीच विचारावं.

प्रवासी वाहतूक करण्याच्या विचारातल्या तरुणांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. बॅटरीवरच्या वाहनांना 2018 पासून परवान्यातून सूट आहे. मात्र व्यावसायिक नोंदणी, म्हणजे हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं, फिटनेस आणि प्रवासी विमा लागतोच. पांढऱ्या अक्षरांच्या खासगी गाडीत भाडं भरून अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

कोणी घ्यावी, कोणी थांबावं

रोज ठरलेल्या रस्त्याने 40 ते 80 किलोमीटर ये-जा करणारे शिक्षक, बँक कर्मचारी, व्यापारी. घर गावठाणात, अंगण स्वतःचं, रात्रीचा पुरवठा बरा आणि घरात दुसरं वाहन आहे, अशांना इलेक्ट्रिक गाडी आजच परवडते. सोलर बसवलं तर आणखी परवडते.

वस्तीवर राहणारे, महिन्याला पाचशे किलोमीटरही न चालवणारे, एकुलत्या एका गाडीवर दवाखान्यापासून लग्नापर्यंत सगळं भागवणारे आणि हंगामाच्या पैशावर हप्ता भरणारे यांनी थांबावं. चालू पेट्रोल गाडी मोडीच्या भावात देऊन इलेक्ट्रिक घेणं तर त्यांच्यासाठी सरळ तोटा आहे.

गाडी बुक करण्याआधी चार कामं करावीत. वर्षभराची लाइट बिलं काढावीत. महिनाभर गाडीचं रीडिंग वहीत लिहावं. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग आणि वायर तपासून घ्यावी. आणि टेस्ट ड्राइव्हची गाडी शक्य असेल तर घरी आणून स्वतःच्या प्लगवर तासभर लावून बघावी. शोरूममध्ये सगळ्याच गाड्या चार्ज होतात, आपल्या घरी होते का ते त्या एका तासात कळतं.